‘तिला काय कमी होतं?’ : संसारातल्या असमाधानाच्या कादंबऱ्या वाचताना

मेहरूणकाठ
जळगावात आम्ही अकरा जणी दर गुरुवारी दुपारी एकत्र बसून पुस्तक वाचतो. कुणी निवृत्त शिक्षिका आहे, कुणाचे औषधांचे दुकान आहे, दोघी निव्वळ घर सांभाळतात. गेले दोन महिने आम्ही फ्रेंच लेखक फ्लोबेरची ‘मादाम बोवारी’ इंग्रजी अनुवादातून वाचत होतो. १८५७ साली पुस्तकरूपाने आलेली ही कादंबरी. त्याच वर्षाच्या आरंभी नीतिमत्तेला धक्का लावल्याच्या आरोपावरून लेखकावर खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल : खेड्यातल्या साध्या, प्रेमळ डॉक्टरची बायको एमा कंटाळते, दोनदा दुसऱ्या पुरुषात गुंतते, कर्जात बुडते आणि सोमल खाऊन मरते.

शेवटचे पान संपल्यावर थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ बाईंनी, ज्यांनी छत्तीस वर्षे गणित शिकवले, चष्मा पुसत विचारले, ‘सगळं खरं, पण तिला काय कमी होतं?’ दोघी-तिघी हसल्या, विषय चहाकडे वळला, मला मात्र तो चहा गेला नाही. माझे आजोळ धुळ्याकडचे आहे. माझी आई दुपारी धान्य पाखडता पाखडता मध्येच थांबून दाराबाहेर बघत बसायची आणि आजी तिला हाच प्रश्न विचारायची, ‘तुले काय कमी शे?’ आई उत्तर देत नसे, सूप पुन्हा हलू लागे. तिला खरोखरच काही कमी नव्हते.

नवरा मारत नाही, पीत नाही, खायला-ल्यायला पुरेसे आहे, तरीही मन लागत नाही, अशा संसाराच्या कादंबऱ्या आपण कशा वाचता? अशा नायिकेची आपल्याला कीव येते, राग येतो की भीती वाटते? आणि अशा कादंबरीतली कोणती जागा वाचून झाल्यावरही आपल्याजवळ राहिली? परीक्षण नको, स्वतःचा अनुभव लिहावा.

शेवभाजी
तिला शेवभाजी कमी होती. नॉर्मंडीत त्या काळी मिळत नसे. बाकी चर्चा चालू द्यावी, मी वाचतो आहे.

भुसावळ_जंक्शन
मी रेल्वेत चौतीस वर्षे पाळीची नोकरी केली. ही कादंबरी निवृत्तीनंतर वाचली आणि प्रामाणिकपणे सांगतो, मी पहिल्यापासून शेवटपर्यंत शार्लच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, बाजूने वाचली. तो मंद आहे, त्याचे बोलणे रस्त्याकडेच्या फरसबंदीसारखे सपाट आहे, असे लेखकच म्हणतो. पण तो बायकोवर जीव टाकतो, पहाटे उठून घोड्यावरून रोग्यांकडे जातो, रात्री थकून येतो आणि घरात शिरताना त्याला आनंद होतो. त्याचा एवढाच गुन्हा आहे की तो सुखी आहे. बायको सुखी नाही हे त्याला कळत नाही, कारण ते कळण्याचे साधन त्याच्याजवळ कधी नव्हतेच.

माझी अर्धी हयात रात्रपाळीत गेली. सकाळी आठला घरी यायचे, जेवून झोपायचे, उठलो की मुले शाळेतून आलेली असत. आमच्या क्वार्टरच्या चाळीत अशा पंचवीस संसारांच्या भिंती एकमेकांना लागून होत्या आणि एकाही घरात नवरा-बायकोचे अर्धा तास बोलणे झालेले मी ऐकले नाही. तेव्हा कादंबरीतल्या कंटाळवाण्या नवऱ्याला लोक हसतात त्या वेळी मला हसू येत नाही. कादंबरी शार्लच्या शाळेतल्या पहिल्या दिवसापासून सुरू होते आणि त्याच्या मृत्यूनंतर काही ओळींत संपते, ही गोष्ट फार थोडे लोक ध्यानात घेतात. त्या ओळींत त्यांच्या पोरक्या मुलीला एक गरीब मावशी सूतगिरणीत कामाला धाडते. अमळनेर-धुळ्याच्या गिरण्यांचे भोंगे ऐकत वाढलेल्या माणसाला त्या एका वाक्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. आईच्या असमाधानाचे बिल शेवटी त्या पोरीच्या नावावर निघाले. मला एमाची कीव येते, पण तिला माफ करणे अजून जमलेले नाही.

पांझराकाठ
भुसावळ_जंक्शन काका, आपला प्रतिसाद दोनदा वाचला आणि त्यातल्या निम्म्याशी मी सहमत आहे. परंतु ‘कमी’ हे माप घेऊन या कादंबऱ्या मोजायला गेले की काहीच हाती लागत नाही, असे मला वाटते.

माझ्याजवळ राहिलेली जागा जेवणाची आहे. तळमजल्यावरची लहानशी खोली, धुरकटणारी शेगडी, करकरणारे दार, ओल आलेल्या भिंती. आणि उकडलेल्या मांसाच्या वाफेबरोबर आयुष्याचा सगळा कडवटपणा आपल्याच ताटात वाढला आहे असे एमाला वाटते. शार्ल सावकाश जेवतो. ती एखाद-दुसरा सुका मेवा कुरतडते, कोपर टेकवून सुरीच्या टोकाने मेणकापडावर रेघा ओढत बसते. या प्रसंगात कुणी कुणाला टाकून बोललेले नाही. तरीही त्या रेघा वाचल्या त्या दिवशी मी संध्याकाळचे जेवण उभ्याने उरकले.

या लेखकांची खरी पकड मला अशा वस्तूंत दिसते. तॉलस्तॉयच्या ‘आन्ना कारेनिना’तली आन्ना मॉस्कोहून पीटर्सबर्गला परतते, स्टेशनावर नवरा न्यायला आलेला असतो आणि तिच्या मनात पहिला विचार येतो तो त्याच्या कानांचा : हे कान असे कधीपासून झाले? कान तेच आहेत, नवरा तोच आहे. असमाधानाला कारण लागत नाही, त्याला बसायला एक जागा लागते, आणि ती जागा कधी कान असते, कधी बोटे मोडण्याची सवय. ज्येष्ठ बाईंच्या प्रश्नाचे उत्तर ‘काही नाही’ असे द्यावे लागते आणि तेवढ्याने प्रश्न मात्र मिटत नाही.

एमाला मुलगा हवा होता, याकडेही लक्ष वेधते. वंशासाठी नव्हे, पुरुष निदान मोकळा असतो म्हणून. मुलगी झाली असे कळताच ती तोंड फिरवते. आपल्या भागात मुलगा हवा म्हणणाऱ्या कित्येक आया मी पाहिल्या आणि त्यांना मनात नावे ठेवली. त्यांतल्या एखादीचे कारण हेच असेल, हे या कादंबरीपूर्वी मला सुचले नव्हते.

हिशेबनीस
मी एका पतसंस्थेत वसुलीचे काम करतो, त्यामुळे माझे वाचन जरा रूक्ष आहे, सांभाळून घ्यावे. सर्व जण ही प्रेमाची किंवा कंटाळ्याची कादंबरी समजतात. मला ती उधारीची कादंबरी वाटते. लरो नावाचा कापडवाला दारात येतो, रेशमी ओढण्या पसरतो आणि म्हणतो, पैशांचे काय, केव्हाही द्या. मग हुंडी, मग हुंडीची मुदतवाढ, मुदतवाढीवर व्याज, मग नवऱ्याकडून कुलमुखत्यारपत्र, आणि अखेर आठ हजार फ्रँकांसाठी घरावर जप्ती. दोन्ही प्रियकर तिला सोडून गेले तेव्हा ती आजारी पडली किंवा रडली, पण विष खाण्याची वेळ आणली ती थकबाकीने. पैसे मागायला ती जुन्या प्रियकराच्या दारात जाते आणि तो ‘माझ्याजवळ नाहीत’ म्हणतो, तो प्रसंग मी माझ्या कामात वेगवेगळ्या चेहऱ्यांवर पाहिलेला आहे.

दुपारी तीन वाजता, पुरुष शेतात किंवा दुकानात असताना, साडीचे गाठोडे घेऊन येणारा फेरीवाला आपल्याकडेही होताच. त्याच्या वहीत कुणाकुणाची नावे होती हे घरच्यांना दिवाळीला कळायचे. असमाधान असते हे मान्य, पण त्याला हप्ते पाडून देणारा कुणी भेटला की कादंबरी सुरू होते.

शेवभाजी
हिशेबनीस भाऊ, आपण वाचल्यावर ‘रामायण’सुद्धा तारण मालमत्तेचा वाद ठरेल. तरी मुद्दा पटला, हे नोंदवून ठेवतो.

सातपुडा_पायथा
धाग्यावर अजून मराठी आलेली नाही, म्हणून लिहितो. १८५७ या वर्षाचा उल्लेख वर झाला. त्याच वर्षी आपल्याकडे बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. मराठीतली आरंभीची कादंबरी ती, आणि विषय हिंदू विधवांच्या हालअपेष्टांचा. एकाच वर्षी फ्रान्समध्ये आणि महाराष्ट्रात स्त्रीच्या दुःखावर कादंबरी आली, पण दोन्ही दुःखांत केवढे अंतर आहे! एमाला छळणारे कुणी नाही. आपल्या यमुनेला दुःख सांगायचे तर वैधव्याचा दाखला आधी जोडावा लागला.

पुढे हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिली, ती १८९० साली सुरू झालेल्या त्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येत असे. हरिभाऊंचा जन्म पारोळ्याचा, १८६४ सालचा, याचा आम्हा खान्देशींना उगाचच अभिमान वाटतो. लहानपणीच ते येथून गेले हे आपण सोयीने विसरतो. त्या कादंबरीत निवेदन करणारी पुन्हा एक यमुनाच आहे, आणि तिचा नवरा समजूतदार, तिला लिहा-वाचायला शिकवणारा आहे. तो जातो आणि पुढे सक्तीचे केशवपन येते. म्हणजे ज्या संसारात कदाचित उद्या तिला कंटाळा येऊ शकला असता, तो संसार तिला पुरता मिळालाच नाही. कंटाळण्यासाठीसुद्धा नवरा जिवंत असावा लागतो, ही मराठी कादंबरीची एकोणिसाव्या शतकातली अट होती.

१९३३ साली विभावरी शिरूरकरांचे ‘कळ्यांचे निःश्वास’ आले तेव्हा शिकलेल्या मुलींचे मन एवढे उघड सांगितले म्हणून जो गहजब झाला, त्यात लेखिकेला स्वतःचे खरे नाव कित्येक वर्षे झाकून ठेवावे लागले. गौरी देशपांडे यांच्या नायिका आल्या त्या शिकलेल्या, जग हिंडलेल्या, बऱ्यापैकी नवरे असलेल्या; त्यांना ‘काय कमी आहे’ हाच प्रश्न विचारला गेला, फक्त तो आता समीक्षकांनी विचारला. मला स्वतःला या नायिकांविषयी पूर्वी चीड होती. पत्नी आजारी पडून चार महिने स्वयंपाकघर माझ्या हाती आले, त्यानंतर ती पुस्तके पुन्हा काढली. चीड पूर्ण गेली असे म्हणणार नाही.

तिखट_नंदुरबारी
स्पष्ट लिहितो, राग मानू नये. हे सगळे पोट भरलेल्या माणसांचे साहित्य आहे. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी बायका ऊसतोडीला राज्याबाहेर जातात, मिरचीच्या पथारीवर दिवसभर बसून देठ खुडतात, संध्याकाळी हाताची आग थांबत नाही म्हणून ताकात बोटे बुडवतात. त्यांना कंटाळा येण्याची सवड नाही. मेणकापडावर रेघा ओढायला आधी मेणकापड असावे लागते.

केळीबाग
तिखट_नंदुरबारी दादा, सवड नाही हे खरे, पण सवड नसली की मनही नसते, हे आपल्याला कुणी सांगितले? आपण आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गावात असता ना? लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात आणि गाणी म्हणतात. त्या गाण्यांत सासरचा जाच आहे, तसा जाच नसलेल्या सासरचाही कंटाळा आहे. लांब दिले म्हणून बापावर राग आहे, न्यायला उशिरा आला म्हणून भावावर रुसवा आहे. म्हणणाऱ्या बहुतेक जणी दुसऱ्या दिवसापासून निंदणीला जाणाऱ्याच असतात. त्यांचे असमाधान कुणी पुठ्ठ्यात बांधून साडेतीनशे रुपयांना विकले नाही, एवढाच फरक आहे.

मी रावेर तालुक्यातली. घरी केळी आहे. शेतीपंपाची वीज रात्रीची असली की मालक बागेत जातात आणि मी जागी राहते, कारण मध्यरात्री चहा लागतो. त्या जागरणांत मी मोबाइलवर ‘आन्ना कारेनिना’ वाचली. बाग लावली तेव्हा सुरू केली, घड कापणीला आले तेव्हा संपली. सर्वांना आन्ना आठवते. मला डॉली आठवते, आन्नाची भावजय. तिचा नवरा बाहेरख्याली, पोरे पाठोपाठची, घर गळके. ती एकदा आन्नाला भेटायला घोडागाडीतून निघते आणि वाटेत, घरी कधी मिळत नाही ती सवड मिळून, विचार करू लागते : पंधरा वर्षे झाली, काय केले आपण? बाळंतपणे, दुखणी, दात येणारी पोरे, विटलेले रूप. आन्ना पळून गेली त्यात तिचे काय चुकले, असेही तिच्या मनात येते.

मग ती त्या श्रीमंत घरी पोहोचते, आणि तिथली झोकदार मोलकरीण तिचे सामान काढू लागते तेव्हा चुकून बांधलेला ठिगळाचा झंपर बाहेर येतो. घरी ज्या ठिगळांचा तिला अभिमान होता, त्यांचीच तिथे लाज वाटते. बाई, त्या ठिगळाशी मी थांबले. मी बहिणीकडे नाशिकला गेले होते तेव्हा माझ्या पिशवीतून केळीच्या डागांची साडी निघाली होती. तो चीक कशानेच जात नाही. बहिणीच्या सुनेने ती दोन बोटांनी उचलून खुर्चीवर ठेवली. तिच्या मनात काही नसेलही.

डॉली दुसऱ्याच दिवशी घरी परतते. पोरांची आठवण आली एवढेच तिला कळते. लेखक तिला शहाणी ठरवत नाही की भित्री ठरवत नाही. मेहरूणकाठ ताई, आपण विचारले की कीव, राग की भीती. डॉली वाचताना मला यांतले काही वाटले नाही. माझ्या शेजारी कुणी येऊन बसले, एवढेच वाटले.

तिखट_नंदुरबारी
झोक्याची गाणी मी लहानपणी झाडावर बसून ऐकली आहेत, पण ती अशा कानाने नव्हे. माझे विधान अर्धे मागे घेतो. उसाच्या फडातल्या संसारावर अशी कादंबरी कुणी लिहिली तर उरलेले अर्धेही घेईन.

पांझराकाठ
केळीबाग ताईंच्या लिहिण्यावरून बहिणाबाईंची संसाराची कविता आठवणे अपरिहार्य आहे. त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली त्यांचा संग्रह निघाला, आणि तेव्हापासून तवा आणि भाकरीच्या त्या ओळी आपण लग्नाच्या आहेरावर, कॅलेंडरवर, निरोपाच्या भाषणात छापत आणि म्हणत आलो. मला त्याचा नेहमी थोडा त्रास होतो. तिथे चटका आधी आहे. भाकर मिळते म्हणून चटका बसला नाही, असे बहिणाबाई कुठेही म्हणत नाहीत. आपण मात्र सुनेला भाकर दाखवतो आणि चटक्याविषयी बोलू देत नाही. तव्यासमोर उभ्या असलेल्या बाईने रचले, तेव्हा आपल्याला शहाणपण दिसले. खुर्चीवर बसलेल्या पुरुषाने तेच शेकडो पानांत लिहिले तेव्हा आपण विचारतो, काय कमी होतं?

नवा_सभासद
मी मूळचा चाळीसगावचा, सध्या पुण्यात. लग्नाला तीन वर्षे झाली आहेत. बायकोने आणि मी एकच प्रत आलटून पालटून वाचली, पेन्सिलीने खुणा करत. असे करू नये, हा माझा अनुभव आहे. मी मेजवानीच्या नाचाच्या प्रसंगावर खुणा केल्या होत्या. तिने एकाच परिच्छेदावर केली होती : शार्ल जेवणानंतर रिकाम्या बाटल्यांची बुचे कापत बसतो, जिभेने दात साफ करतो आणि सूप पिताना प्रत्येक घोटाला आवाज करतो. समासात तिने काही लिहिले नव्हते, नुसती उभी रेघ होती.

मी चहा बशीतून पितो, आवाज करून. दुसऱ्या दिवसापासून कपाला तोंड लावून, निःशब्द, भाजत भाजत पिऊ लागलो. आठवडाभराने तिने विचारले, ‘तब्येत बरी आहे ना तुझी? ऑफिसात काही झालंय का?’ मी पुस्तक उघडून ती रेघ दाखवली. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली की ती रेघ भाषेसाठी होती, एका वाक्यात तीन आवाज कसे आणले आहेत त्यासाठी. मी विश्वास ठेवला आहे. ज्येष्ठांनी मार्गदर्शन करावे.

भुसावळ_जंक्शन
बशी सोडू नये. आणि रेघेविषयी पुन्हा विचारू नये.

तुमच्याकडे निदान रेघ तरी आहे, बाळा. आमच्या घरी पुस्तक मी एकट्याने वाचले. हा धागा वाचल्यानंतर काल मी आमच्या हिला जेवताना विचारले की रात्रपाळीच्या वर्षांत तुला कसे वाटायचे. ती म्हणाली, ‘पोळी गार होतेय.’ थोड्या वेळाने, ताटे उचलताना, आपणहून म्हणाली की साडेअकराची पॅसेंजर गेली की तिला बरे वाटायचे, कारण त्यानंतर चाळीत कुणी जागे नसायचे आणि ती पायरीवर येऊन बसायची. कोणाबरोबर, म्हटले. म्हणाली, एकटीच. एकोणीस वर्षे आम्ही त्या क्वार्टरमध्ये राहिलो आणि त्या पायरीची मला माहिती नव्हती. वर मी एमाला माफ करणे जमत नाही असे लिहिले आहे. ते वाक्य तूर्त तसेच राहू द्यावे, पण त्यावर कुणी मला ‘+१’ देऊ नये.

मेहरूणकाठ
आज पुन्हा गुरुवार होता, म्हणून सांगते. मी धीर करून गणिताच्या बाईंना म्हणाले की मागच्या वेळी तुम्ही विचारलेला प्रश्न मला लागला. त्या चकित झाल्या. ‘अगं, मी टोमणा नव्हता मारला. मी खरंच विचारलं होतं. काय कमी होतं ते काढायला नको का?’ आणि त्यांनी पिशवीतून वही काढली. घरी जाऊन त्यांनी कादंबरी पुन्हा चाळली होती आणि पानांच्या क्रमांकांसह मांडणी केली होती. बोलायला एक माणूस. संध्याकाळी चार ते सात या वेळेत एक काम, ज्याची दुसऱ्या कुणाला गरज असेल. आणि स्वतःच्या नावावर शंभर फ्रँक, ज्यांचा हिशेब मागितला जाणार नाही.

त्यावर आमची तासभर खडाजंगी झाली. औषधांच्या दुकानवालीचे म्हणणे पडले की हे तिन्ही असते तरी एमा रडलीच असती, कारण तिने लहानपणी कॉन्व्हेंटात वाचलेल्या कादंबऱ्या तिच्यातून कोण काढणार. शिवाय सोमलाच्या खोलीची किल्ली सहज हाती लागेल अशी ठेवणे हा गावातल्या औषधवाल्याचा निष्काळजीपणा आहे आणि त्यावर आपल्यात कुणीच बोलत नाही. बाईंनी वहीत तिच्या म्हणण्यापुढे प्रश्नचिन्ह काढले.

हिशेबनीस
शंभर फ्रँकांनी भागले नसते. आठ हजारांची थकबाकी होती. बाईंना माझा नमस्कार सांगून आकडा दुरुस्त करण्याची विनंती करावी.

मेहरूणकाठ
सांगितले. ‘शंभर आधी मिळाले असते तर आठ हजार झाले नसते, चक्रवाढ व्याज मी शिकवलेलं आहे,’ असा निरोप आहे.

पुढचे पुस्तक ‘आन्ना कारेनिना’ ठरले आहे, केळीबाग ताईंच्या भरवशावर. आखाजीनंतर सुरू करू, कारण त्या आठवड्यात निम्म्या जणींच्या लेकी येणार आहेत.

केळीबाग
सुरुवातीपासूनच वाचा, पण डॉलीच्या गाडीपाशी आलात की मला कळवा. वीज दिवसाची असली तर त्या गुरुवारी मी एस.टी.ने येईन.